टाचणीने उठवलेले ठसे

तिला सगळी गल्ली टाचणी म्हणायची. अंगाने काटकुळी होती हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. समोरच्याला नेमकं कुठे टोचायचं ते तिला बरोबर कळायचं. बुटांच्या कारखान्यात तळ कापायच्या मशीनवर तिने उभ्या उभ्या जन्म काढला, पण तिच्या वाटेला जायची मुकादमाची कधी छाती झाली नाही. "बाई, जरा हळू बोला," तो म्हणायचा. "तुम्ही मशीन बंद करा, मी हळू बोलते," ही म्हणायची. आता मशीन बंद करून कोणाचं भागलंय?

अशा बाईच्या पदरात नवरा पडला तो मुलखाचा मुका. गावाच्या कडेला पाणीपुरवठ्याचं जुनं तळं होतं, तिथल्या पंपघरात तो कामाला. एरवी दिवसभरात बोललाच तर "चहा", "दे", "बास" एवढंच. पण एक विषय निघाला की त्या माणसाचं तोंड थांबायचं नाही. तो विषय म्हणजे पाणमांजर.

झालं होतं असं, की पंपघरात नवा लागला तेव्हा, थंडी सरत आलेल्या एका सकाळी, त्याने खिडकीतून पाणमांजर पाहिलं होतं. काठाच्या दगडावर बसून, दोन्ही हातांत मासा धरून, डोक्याकडून कराकरा खात होतं. हा हाका मारत बाहेर पळाला, बाकीचे येईपर्यंत ते पाण्यात गेलेलं. मग काय, जो तो अक्कल पाजळायला लागला. कोणी म्हणालं घूस असेल, कोणी म्हणालं मांजर भिजलं असेल, आणि एकाने तर त्याच्या तोंडाचा वास घेतला. तेव्हापासून दरवर्षी थंडी उतरणीला लागली की हा तळ्याकाठी जायचा. त्या दिवसांत तळ्याचं पाणी खाली जातं, कडेचा चिखल उघडा पडतो, आणि चिखलात कोण आलं कोण गेलं ते लिहिल्यासारखं दिसतं. याला बगळे दिसले, मुंगसं दिसली, कोल्ह्याची पावलंसुद्धा दिसली. पाणमांजर काही परत दिसलं नाही.

"बाकीच्यांचे नवरे बायांच्या मागे लागतात," टाचणी म्हणायची, "आमचा मांजराच्या!"

तो हसायचाही नाही. जेवताना टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून तिला पंजा काढून दाखवायचा. पाच बोटं, अशी पसरलेली, मध्ये पडदा, पुढे नखांची बारीक टिंबं. ती फडकं मारून पंजा पुसून टाकायची आणि म्हणायची, "जेवा आता." लग्नापासून हेच. तिला तो पंजा स्वतःच्या हातापेक्षा जास्त पाठ झाला होता.

निवृत्त झाल्यावर पुढच्याच पावसाळ्यानंतर त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला. हात सुधारला, पायात जोर आला, बोलणं जरा जड झालं, पण मुळात बोलत होता कोण? डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चालवा यांना. झोपून राहिले तर पाय जातील, आणि पायांमागून माणूस जाईल." सरळ सांगितलं. आणि या बाबाने काय केलं? घरी आल्यावर भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

अख्खी थंडी तो तसाच पडून. तिने गोडीत सांगून पाहिलं, शिव्या घालून पाहिलं, जेवायला देणार नाही म्हणून पाहिलं. तो जेवायचाच नाही, मग हिलाच भरवावं लागायचं. लांब राहणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांना जरा धाक दाखव." टाचणी म्हणाली, "धाक जिवंत माणसाला असतो गं." म्हणून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

एकदा त्याची पाठ पुसताना तिने विचारलं, "अहो, उठायचं नाही का तुम्हाला?"

"कशाला?" तो म्हणाला.

रागाने म्हणाला असता तर ती भांडली असती. भांडणात तिला कोण हरवणार? पण तो अगदी साधं म्हणाला, दुकानात भाव विचारावा तसं. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत चाललाय, आणि आपण टॉवेल घेऊन बसलोय, एवढं तिला त्या दिवशी लख्ख कळलं.

थंडी ओसरायला लागली. तळ्याचं पाणी खाली गेलं. तळं आता माशांसाठी दिलेलं होतं. पंपघरात नवऱ्याच्या हाताखाली असलेला माणूस तिथे मासे पाळायचा, त्याला सगळे तळेवाला म्हणायचे. वाईट नव्हता बिचारा. येता-जाता दारात डोकावायचा, "दादा कसे आहेत, वहिनी?" म्हणायचा.

त्याच आठवड्यात ती शेजारणीच्या पोराच्या बुटाला ठिगळ लावत बसली होती. हातात तळाचं जाड रबर, दुसऱ्या हातात वाकडी सुरी. सुरी आपोआप फिरायला लागली. पाच बोटं. पसरलेली. मध्ये पडदा. नखांच्या जागी तिने बोथट खिळे ठोकले. मग तो पंजा पदराखाली घेतला आणि उजाडायच्या आत तळ्यावर गेली. आपली पावलं उमटू नयेत म्हणून चिखलावर फळी टाकली, फळीवर उकिडवी बसली आणि दाबला. काय सुरेख उठला ठसा! जन्मभर दुसऱ्यांच्या पायांचे तळ कापलेली बाई ती. चुकेल कशी?

घरी येऊन चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तळ्याकाठी कसले तरी ठसे उठलेत. कुत्र्याचे असतील."

चहा उकळल्यावर भिंतीकडून आलं, "बोटं किती?"

"मी काय बोटं मोजत बसू? मला घरात कामं नाहीत?"

तिने भांडी घासली, कपडे वाळत घातले, मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही. उन्हं वर आली तेव्हा तो म्हणाला, "माझे बूट कुठेत?"

टाचणी मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला, आणि नळाच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "कुठे असणार? पायात नाहीत म्हणजे खाटेखाली."

तळं घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवशी पोचता पोचता दोघांचा घामटा निघाला. काठी टेकत, तिच्या खांद्यावर भार टाकत तो ठशापर्यंत गेला आणि वाकून बघत राहिला.

"हा एकच पाय आहे," तो म्हणाला. "लंगडी घालत आलं का हे?"

पण माणसाला एखादी गोष्ट खरी हवीच असली ना, की तो स्वतःच तिची वकिली करतो. तोच पुढे म्हणाला, "बाकीचे पाण्यात पडले असतील. पाणी वर-खाली होतं इथे. मागचा पाय दिसायला हवा होता. मागचा मोठा असतो, आणि उडी मारताना जोडीने पडतो."

"असं का?" टाचणी म्हणाली, आणि घरी येऊन मागचा पाय कापला. मास्तरच कॉपी पुरवत होता, मग पास व्हायला काय लागतं?

मग मात्र जादू झाल्यासारखं झालं. तो रोज चालायला लागला. आधी तिच्या खांद्यावर, मग नुसत्या काठीवर. दाढी करायला लागला. आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरला, तेव्हा तर तिला त्याचा मुका घ्यावासा वाटला. संध्याकाळी टेबलावर पुन्हा पंजे उमटायला लागले, आणि आता ती फडकं हातात घेऊन नुसती ऐकत बसायची. लेकीला फोनवर म्हणाली, "तुझा बाप परत आला गं." कसा आला ते नाही सांगितलं. ताकास तूर लागू दिली नाही.

इथे थांबली असती तर? पण नाही. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही.

एका संध्याकाळी तो जरा उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "नुसते ठसेच आहेत गं. खाल्लेलं काही दिसत नाही. पाणमांजर राहतं तिथे काठावर माशाचं काहीतरी उरतंच." आणि बोलता बोलता त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. दिवा डोळ्यांवर येत होता म्हणूनही वळवलं असेल. टाचणीला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून मासा आणला, पकडीने त्याचे लचके तोडले आणि उरलेलं धड उजाडायच्या आत तळ्याच्या दगडावर नेऊन टाकलं.

नवऱ्याला ते सापडलं तेव्हा त्याला आनंद मावेना. त्याने तळेवाल्याला हाका मारून बोलावलं. "बघ! मला वेडा म्हणायचास ना? बघ आता!"

तळेवाला ठशांना हसलेला माणूस. पण मासा बघून त्याचं तोंड उतरलं. त्या थंडीत त्याचे मासे कमी झाले होते. तो बगळ्यांना दोष देत होता. "दादा, हे माझे मासे खातंय," तो म्हणाला.

"खाऊ दे रे. एवढं मोठं तळं भरून मासा आहे तुझा. खाऊन खाऊन किती खाईल?"

"हो, खाऊ दे," तळेवाला म्हणाला. तोंडावर नाही कसं म्हणणार? एके काळचा वरिष्ठ, त्यात आजारातून उठलेला.

पुढचं मात्र नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. त्याच दुपारी टाचणी तळ्यावरून येत होती, तर तळेवाला जुन्या पंपघराच्या मागे, काठाशी उकिडवा बसलेला. हातात दातेरी लोखंडी सापळा, साखळीने खुंटीला बांधत होता. तिला बघून ओशाळला.

"वहिनी, दादांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल. पण माझं पोट आहे यावर."

टाचणीने सापळ्याकडे बघितलं. आणि तिला हसू आलं! बाहेर नाही दाखवलं, पण आत उकळ्या फुटल्या. काय सापडणार त्यात? माझं रबर? गावातल्या कोणाला वाटत होतं पाणमांजर आहे, कोणाला वाटत होतं नाही. हिला वाटत-बिटत नव्हतं. हिला माहीत होतं. तळ्यात पाणमांजर नाही हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारी सगळ्या गावात ती एकटी होती. तिने विचार केला, लावू दे. रिकामा राहील, याचा राग निवेल, आणि आपण आता मासे टाकायचे नाहीत.

"नाही सांगत," ती म्हणाली. "लाव बाबा."

तिच्या एका शब्दाने तो सापळा उचलला गेला असता. पण तिने तर परवानगी दिली.

मधे थोडे दिवस गेले. हवेतला गारठा गेला, पंपघरामागच्या झाडाला कोवळी पानं फुटली. एका सकाळी टाचणी उठली तर नवरा अंथरुणात नाही. काठी नाही, बूट नाहीत. तिला न उठवता, एकटा गेला होता. आजारपणानंतर पहिल्यांदाच! तिने आनंदाने चहा ठेवला. चहा उकळायच्या आत तळेवाला दारात. अनवाणी, चिखलाने भरलेला.

"वहिनी, चला."

"पडले का?" ती ओरडली.

"दादा ठीक आहेत. तुम्ही चला."

नवरा चिखलात बसला होता. सरळ चिखलात, पाय पसरून. समोर पोत्यावर ते पडलं होतं. लांबच लांब, भुरं, ओल्या केसांचं, जाड शेपटीचं. पुढच्या पायात सापळा तसाच. साखळीसकट पाण्यात ओढत गेलं होतं आणि गुदमरलं होतं.

"मी मारलं नाही हो," तळेवाला पुन्हा पुन्हा म्हणत होता. "ते बुडालं. मला वाटलं, नुसतं धरू आणि लांब सोडून येऊ."

नवऱ्याने मान वर केली. त्याचे डोळे वाहत होते आणि तोंडावर हसू होतं. असलं हसू तिने त्याच्या तोंडावर कधीच बघितलं नव्हतं, आणि पुन्हा कधी बघायला मिळू नये असं तिला वाटलं. "बघ," तो म्हणाला. "होतं की नाही? मी सांगत होतो. होतं."

टाचणी त्या मेलेल्या पायाकडे बघत होती. पाच बोटं, पसरलेली, मध्ये पडदा. खाली मऊ गाद्या होत्या. तेवढं रबरात जमलं नव्हतं.

तो हळूहळू त्याच्या अंगावरून हात फिरवत होता. पोटावर आला आणि हात थांबला. त्याने केस बाजूला केले, बोटाने दाबून बघितलं. बोटाला दूध आलं.

"पिल्लं आहेत," तो म्हणाला. आणि त्याचं हसू गेलं.

मग सुरू झाली शोधाशोध. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसंच निघालं. पंपघराच्या भिंतीखालून पूर्वी जादा पाणी सोडायचा एक पाइप होता. वापरातून गेलेला, तोंडावर झाडाची मुळं आलेली. ज्या पाइपावर उभा राहून या माणसाने नोकरी काढली, त्याच पाइपात ते राहत होतं. दगडांवरून यायचं, पाण्यातून जायचं, चिखलात पाऊल म्हणून टाकायचं नाही. इतकं जपून राहिलं होतं म्हणूनच त्याचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथे टिकलं होतं. पाइपाला कान लावला की आतून आवाज यायचा. बारीक शिट्टीसारखा, थांबून थांबून.

पाइप आत वळलेला. हात पोचेना. तळेवाल्याने पहार घातली तर वरचे दगड हलायला लागले, सगळं आतच कोसळलं असतं. टाचणीने कोमट दूध आणलं, बांबूच्या टोकाला फडकं बांधून भिजवून आत सरकवलं. फडकं तसंच बाहेर आलं. तळेवाला कामधाम सोडून दिवसभर तिथे राबला, कोणी बोललं नाही तरी स्वतःलाच शिव्या घालत राहिला. नवरा पाइपाशी आडवा पडून होता, कान लावून. घरी चला म्हटलं की म्हणायचा, "आहेत अजून. ओरडतायत."

दुसऱ्या दिवशीही ओरडत होती, पण मध्ये मध्ये फार वेळ जायचा.

त्याच्या पुढच्या सकाळी तळेवाला दुसरीकडून खणून बघायला पंपघराच्या पलीकडे गेला होता. टाचणी नवऱ्याशेजारी बसली. ज्या बाईला बोलायला कधी सवड काढावी लागली नाही, तिला त्या दिवशी सुरुवात सापडेना. शेवटी जसं आलं तसं बोलली. "अहो, ते ठसे मी उठवले. रबराचे. सगळे. मासा पण मीच टाकला, बाजारातला. आणि सापळा लावताना मी बघितलं होतं. मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, लाव." ती म्हणाली, "मला वाटलं होतं, इथे काही नाहीये. तुम्ही उठत नव्हता हो. तुम्ही नुसते पडून होता. मी काय करू? बोला ना काहीतरी. शिव्या द्या. काठी घ्या हातात. अहो!"

त्याने कान पाइपावरून काढला नाही.

"तुझं ऐकलं मी," तो म्हणाला. "आता त्यांचं ऐकू दे."

तो ऐकत राहिला. ऊन पंपघराच्या भिंतीवरून उतरून चिखलावर आलं, त्याच्या पाठीवर आलं. तिलाही कान लावावासा वाटला, पण तिची हिंमत झाली नाही. आतली शिट्टी विझत चालली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळत होतं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे मिटले, उघडले, आणि तळहात चिखलात रोवून उठायला लागला.

एकट्याने त्याला जमेना. डावा पाय सरकत होता. टाचणीने चटकन पुढे होऊन हात दिला. त्याने त्या हाताकडे नीट बघितलं. मग मान वळवून पंपघराच्या पलीकडे हाक मारली.

"अरे, इकडे ये. जरा मला हात दे."

तळेवाला पहार टाकून धावत आला. त्याचा हात धरून तो उठला आणि घराच्या वाटेला लागला.